सलग ३६ बाद, तरी परफेक्ट गेमच्या यादीत नाही: हॅडिक्सची नोंद बदलायला हवी का?

चौथा_बेस
२६ मे १९५९, मिलवॉकी, बेसबॉलचा सामना. पाहुण्या पायरेट्सचा पिचर (बॉल टाकणारा) हार्वी हॅडिक्स याने यजमान ब्रेव्ह्जचे पहिले ३६ बॅटर ओळीने बाद केले. बारा इनिंग्ज एकही माणूस पहिल्या बेसवर पोचला नाही, आणि समोर ॲरन, मॅथ्यूज, ॲडकॉक असलेला, आदल्या दोन्ही वर्षी नॅशनल लीग जिंकलेला संघ होता. ०-० बरोबरीमुळे लांबलेला सामना तेराव्या इनिंगमध्ये १-० असा गेला.

१९९१ साली मेजर लीगच्या समितीने व्याख्या बांधली: किमान नऊ इनिंग्ज, आणि सामना संपेपर्यंत एकही हिट (बॅटरला बेसवर नेणारा फटका) नको. हॅडिक्स यादीबाहेर गेला. परफेक्ट गेमला, म्हणजे एकही बॅटर बेसवर न पोचलेल्या पूर्ण सामन्याला, नऊ इनिंग्जचे २७ बाद पुरतात, त्याने त्यावर नऊ जास्त काढले. पायरेट्सनी पहिल्या नऊ इनिंग्जमध्ये एक रन काढला असता तर त्याचं नाव आज यादीत असतं. पिचरची नोंद त्याच्या बॅटरांवर अवलंबून ठेवणं मला चूक वाटतं.

पेन्सिलवाला
असहमत. नोंद सामन्याची असते, सोयीच्या तुकड्याची नव्हे. नवव्या इनिंगला घड्याळ थांबवायचं तर समोरचा ब्रेव्ह्जचा पिचर बर्डेट याच्या बाजूचं काय? त्याने १३ इनिंग्ज टाकल्या, १२ हिट दिले, वॉक (चार खराब बॉलवर मिळणारा फुकट बेस) एकही नाही, रन शून्य. तिसऱ्या इनिंगमध्ये पायरेट्सना तीन सिंगल (एका बेसचे हिट) मिळूनही रन झाला नाही, कारण त्यांचा मेहियास तिसऱ्या बेसकडे धावताना बाद झाला. हॅडिक्सला रन मिळाला नाही तो असा.

शून्य_एरर
मूळ धाग्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. परफेक्ट गेम गेला तो हिटमुळे नाही. तेराव्यात ब्रेव्ह्जच्या मँटियाचा ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका) तिसऱ्या बेसवरच्या पायरेट्सच्या होकने उचलला आणि पहिल्या बेसकडे खाली फेकला. एरर, म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक. परफेक्ट तिथेच संपलं, नो-हिटर (एकही हिट न दिलेला सामना) मात्र अजून शाबूत होता. मॅथ्यूजने बंट करून (बॉल हलकाच ढकलून, स्वतः बाद होत) मँटियाला दुसऱ्या बेसवर नेलं, ॲरनला मुद्दाम वॉक दिला, आणि ॲडकॉकने बॉल कुंपणापलीकडे मारला.

एरवी हा होम रन, पण नोंदीत तो डबल (दोन बेसचा हिट) आहे. बॉल कुंपणाच्या आतच पडला असं समजून ॲरन दुसरा बेस ओलांडल्यावर डगआउटकडे (संघाच्या बाकाकडे) वळला. ॲडकॉक त्याच्या पुढे गेला, आणि पुढच्या धावकाला ओलांडलं की बाद. मैदानावर आधी २-० सांगितलं गेलं; लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी दुसऱ्या दिवशी १-० कायम केलं.

ताळा घालून बघा. ब्रेव्ह्जचे बॅटर ४०. बाद ३८: पहिले ३६, मॅथ्यूज, ॲडकॉक. रन १, बेसवर अडकलेला १ (ॲरन). ३८+१+१=४०. वॉक आणि बंट वजा केले की ॲट-बॅट (नोंदीत धरलेल्या बॅटिंगच्या पाळ्या) ३८. एररवरचा मँटिया ॲट-बॅटमध्येच धरायचा, नवखे इथेच चुकतात. हॅडिक्सच्या इनिंग्ज १२⅔. रन एररवर पोचलेल्या माणसाचा, म्हणून अनअर्न्ड, म्हणजे पिचरच्या खात्यात न धरलेला.

पेन्सिलवाला
ताळा चोख. हा डबल वाचून आपल्याकडच्या वाचकाला २०१० ची दांबुल्ला आठवेल: जिंकायला एक रन, सेहवाग ९९ वर, नो-बॉलवर सिक्सर. नो-बॉलच्या रनने सामना संपला, सिक्सर नोंदीत नाही, सेहवाग ९९ नाबाद. बॉल कुठे पडला याने नोंद ठरत नाही, नियमाने ठरते.

१९९१ च्या व्याख्येने खरा अन्याय झाला तो पिचर अँडी हॉकिन्सवर. १९९० मध्ये शिकागोत त्याने एकही हिट दिला नाही, पण ४-० ने हरला. यजमान पुढे असल्याने नववी इनिंग ते खेळलेच नाहीत, म्हणून त्याच्या आठच भरल्या. त्याला नववी टाकायची संधीच नव्हती. हॅडिक्सला संधी होती आणि त्याने हिट दिला.

चौथा_बेस
परफेक्ट आणि नो-हिटरचा फरक मान्य, हॉकिन्सबद्दलही मान्य. पण १९९५ चा एक्स्पोज संघाचा पिचर पेद्रो मार्टिनेझ घ्या. सॅन दिएगोत नऊ इनिंग्ज परफेक्ट, दहाव्यात संघाने रन काढला, मग समोरच्या पहिल्याच बॅटरने डबल मारला. एक्स्पोज १-० ने जिंकले, तरी तो यादीत नाही. माझं म्हणणं आता एवढंच: बॉक्स-स्कोअरला (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्याला) हात लावू नका, पण अधिकृत यादीखाली 'नऊ इनिंग्ज परफेक्ट, पुढे भंग' असा वेगळा रकाना द्या.

शून्य_एरर
रकान्याला पाठिंबा, एका अटीवर: भंग कशाने झाला तेही लिहा. मार्टिनेझचा हिटने, हॅडिक्सचा होकच्या थ्रोने.