‘शंभर टक्के वनस्पती’ म्हणे!

खलबत्ता: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘सर्दीला चिनी यिनछ्याव गोळ्या घ्या, शंभर टक्के वनस्पती, साइड इफेक्ट शून्य.’ डबीवरचं वाचलंत का? चीनमधल्या ‘व्हिटॅमिन सी यिनछ्याव’च्या एका गोळीत 105 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि 1.05 मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन असतं. नाक थांबतं ते त्यानं, पेंगही त्यानंच. वर क्रोसिन घेतलीत की तेच औषध दोनदा.

कडूजार: 2-2 गोळ्या तीनदा, म्हणजे दिवसाचं 630 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. एवढ्यानं धडधाकट माणसाचं यकृत बसत नाही. आणि गोळीचा राग मूळ यिनछ्याव चूर्णावर कशाला? चिनी वैद्य वू जूथोंगच्या 1798 च्या पाठात हनीसकलच्या कळ्या, फोर्सिथियाची फळं, पुदिना, ज्येष्ठमध वगैरेच आहे. तेही घसा दुखून ताप आणि तहान असेल तरच. थंडी वाजून अंग मोडून आलं असेल तर यिनछ्याव नाहीच.

आलेपाक: आणि त्याचा काढा आटवू नका! 20-30 मिनिटं भिजवा, पाणी दोन बोटं वर, उकळी आली की 5-10 मिनिटं मंद आच. पुदिना शेवटच्या 5 मिनिटांत, झाकण ठेवून. वूनं स्वतः बजावलंय, वास दरवळला की उतरवा.

ठसका: काढा चतुर्थांशच उरला पाहिजे. शास्त्र आहे ते.

आलेपाक: गुळवेलीचं खोड आटवा की खुशाल! पुदिन्याचं तेल वाफेबरोबर उडतं, मागे कडू पाणी. आयुर्वेदातही क्वाथ म्हणजे आटवलेला काढा वेगळा, फांट म्हणजे गरम पाण्यात भिजवून गाळलेला वेगळा.

ठसका: घ्या, आता आयुर्वेदही तुम्हीच शिकवा. फांट मान्य. पण लोखंडी भांडं तरी चालेल ना?

आलेपाक: नको, वनस्पतीतलं तुरट टॅनिन लोहाशी लागतं, काढा काळा पडतो. मातीचं नाहीतर स्टीलचं घ्या.

खलबत्ता: भांडी पुरे! पुड्यात नक्की काय बांधलंय ते कोण बघतं? ब्रसेल्सच्या वजन घटवण्याच्या उपचारांत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला फांगची या चिनी मुळीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली. शंभरावर लोकांची मूत्रपिंडं नासली.

कडूजार: ते सर्दीचं औषध नव्हे. सर्दीत जपायचं ते माहुआंग (एफेड्रा) या वनस्पतीला. त्यात रक्तदाब चढवणारं इफेड्रीन, अमेरिकेनं 2004 मध्ये आहारपूरकांतून (सप्लिमेंट्समधून) हद्दपार केलं. ज्येष्ठमधही महिनोन्‌महिने भरपूर घेतलं तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. बीपीवाल्यांनी दोन्हींपासून लांब राहावं.

खलबत्ता: म्हणजे ‘शून्य’ नाही तर!

कडूजार: नाही हो, नाही. झालं समाधान? पुदिना तरी आटवू नका.