ठाणे खाडीचे रोहित: सातारा-सांगलीहून जाणाऱ्यांसाठी

खटाव तालुक्यातल्या येरळवाडीच्या तलावावर रोहित (फ्लेमिंगो) एखाद्या साली येतात, एखाद्या साली फिरकत नाहीत. ठाणे खाडीत मात्र हिवाळ्यापासून मेपर्यंत हजारोंनी असतात. २०१५ साली तिथं अभयारण्य झालं, २०२२ ला ते रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळींची आंतरराष्ट्रीय यादी) गेलं. नवी मुंबईतल्या ऐरोलीहून रोहित दाखवायला बोट जाते, तिची माहिती असलेल्यांनी नेमकं लिहा; नुसतं ‘मस्त आहे, जाच’ नको.

कराडहून: बोट भरतीच्या वेळेवर, म्हणून आधी पंचांग, मग गाडीचं तिकीट. कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. एकादशीला अकराची पाऊणपट, सव्वाआठ. शुद्ध असो की वद्य. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. हा झाला अंदाज. अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतं, म्हणून तारीख धरली की भरतीचा तक्ता बघा आणि बोटीची वेळ फोनवर पक्की करा. रात्रीच्या गाडीनं पहाटे वाशीला उतरणाऱ्याला एकादशी-द्वादशी बरी. (फराळाचा डबाही आपसूक जमतो.) पौर्णिमेचा रविवार धरलात तर भरती दुपारी बाराच्या सुमारास, आणि बोटीत सावली शोधत बसा.

सांगलीहून: भर भरतीला बोट आरामात चालते, पण पक्षी नसतात. त्यांचं ताट चिखलात, आणि तो तेव्हा पाण्याखाली. मग ते नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळीत जाऊन एका पायावर उभे राहतात. पूर्ण ओहोटीला उलटं: पक्षी भरपूर, पण बोट रुतते. म्हणून पाणी उतरायला लागल्यावरचा पहिला तास-दीड तास साधायचा. अष्टमी-नवमीला कोळी म्हणतात ते ‘भांगाचं पाणी’, म्हणजे भरती जेमतेम चढते. त्या दिवशी बोट कुठपर्यंत जाईल ते आधीच विचारा.

साताऱ्याहून: सगळे एकाच जातीचे नसतात. धाकट्या रोहितची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मोठ्याची फिकट गुलाबी, फक्त टोक काळं, आणि मान लांब. थव्यात मळकट राखाडी दिसतात ती पिल्लं. रंग खाण्यातून चढतो, त्याला वेळ लागतो. खाताना दुर्बिणीतून चोचीकडे बघा: डोकं उलटं, वरची चोच खाली. जीभ दट्ट्यासारखी मागंपुढं होते, पाणी आत येतं, चोचीच्या कडेच्या झालरीतून बाहेर जातं आणि शेवाळ आत राहतं. ८ पटीची (८×४२) दुर्बीण पुरते. हलत्या बोटीत १२ पटीची नुसती थरथरते.

वाईहून: फोटोवाल्यांसाठी. ऐरोली पूर्वेच्या काठावर, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी येतं. पश्चिम काठावरच्या भांडुपच्या बाजूनं जाणार असाल तर दुपारनंतर. शटर १/१००० च्या खाली नेऊ नका. बोटीत उभं राहू नका. थवा उठतो आणि पुढच्या बोटीलाही काही उरत नाही. ड्रोन चालत नाही.

मिरजेहून: वाशीहून ठाण्याकडची लोकल, ऐरोलीला उतरून रिक्षा. घणसोली-कोपरखैरण्यात पाहुणा नाही असं घर आपल्याकडे विरळाच, आंघोळ-नाश्ता तिथं उरका. बोटीत चढण्याआधी लघवीला जाऊन या, मध्ये सोय नाही. आणि तिवरांत उतरून फोटो काढायचा मोह नको. वरून टणक दिसणारा चिखल गुडघ्यापर्यंत आत घेतो, चप्पल तिथंच राहते.