सरकारने अचानक जाहीर केलेली सुट्टी कंपनी कामगाराला लागू होते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंगला आहे, युनियन आहे आमची. सरकारने २२ जानेवारी २०२४ ची सुट्टी जाहीर केली, पण त्या दिवशी आमची फर्स्ट शिफ्ट चालूच होती आणि जे घरी राहिले त्यांचा पगार कापला. एचआर म्हणतं ती सुट्टी १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातली, बँका आणि सरकारी ऑफिसला, कारखान्याला नाही.

पण आमच्या करारात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर नावानिशी आहेत आणि खाली एक ओळ आहे, "शासन वेळोवेळी जाहीर करेल त्या सुट्ट्या". झेरॉक्स समोर घेऊनच लिहितोय. त्या ओळीला काहीच किंमत नाही का?

मतदानाची पगारी सुट्टी तर कायद्यानेच आहे, लोकप्रतिनिधित्व कायदा कलम १३५ब, ती मिळते, तिच्याबद्दल तक्रार नाही.

आता नवीन कराराची बोलणी सुरू आहेत. कुणाच्या करारात अशी ओळ असेल तर नेमके शब्द सांगा, आणि त्या दिवशी कामावर आलं तर डबल पगार की बदली सुट्टी मिळते तेही. हेल्परचा एक दिवस कापला तरी घरी जाणवतं हो.