मदत हवी आहे: हा सँड प्लोव्हर (किनाऱ्यावरचा छोटा पक्षी) लेसर, म्हणजे लहान जातीचा, की ग्रेटर, म्हणजे मोठ्या जातीचा?
फोटो ठाणे खाडीतला, भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूचा. जानेवारीतला आहे, त्यामुळे पिसारा हिवाळी, करडा-पांढरा. छातीवरच्या तांबूस पट्ट्याची मदत नाहीच. थव्यात बहुतेक लेसर सँड प्लोव्हर, पण एकाची चोच लांब आणि जाड वाटतेय, पायही हिरवट-पिवळे. ग्रेटर म्हणावा का? चिखलाने माखलेल्या पायांच्या रंगावर माझा फारसा भरवसा नाही. चोचीची लांबी तुम्ही नेमकी कशाशी ताडून बघता?

आणखी एक. ओहोटीला पक्षी फार लांब पांगतात, ४०० एमएमची लेन्स तोकडी पडते. भरती चढताना ते काठाकडे सरकतात, तर पूर्ण भरतीच्या किती आधी जाऊन बसावं? थवा उठवून उडतानाचे फोटो घे, असले सल्ले मात्र कृपया नकोत.