शब्दचर्चा : 'एन्फोर्समेंट' म्हणजे अंमलबजावणी, सक्तवसुली की आणखी काही?

पाटीपेन्सिल :
तालुक्याच्या वाचनालयासाठी चार पानी माहितीपत्रक मराठीत करून द्यायचंय. विषय असा : डिजिटल काळात इंटलेक्च्युअल प्रॉपर्टीची एन्फोर्समेंट आणि नागरिकांचे हक्क. 'बौद्धिक संपदा' इथपर्यंत सुखरूप पोचले, 'एन्फोर्समेंट'ला अडले. 'अंमलबजावणी' लिहिलं तर आमच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, ती योजनांची असते." पेपरात रोज दिसणारा दुसरा शब्द 'सक्तवसुली', ईडीच्या कृपेने. तो लिहिला तर सभासद पुस्तकं टाकून पळतील. त्याच पानावर कॉपीराइट, पायरसी, फेअर डीलिंग आणि पब्लिक डोमेन ही मंडळीही बसली आहेत. जाणकारांनी हात द्यावा.

जुनीवही :
ताई, सक्तवसुली सोडा. ते एका खात्याचं नाव आहे, बाहेर वापरलं की दारात जप्ती आल्यासारखं वाटतं. अंमलबजावणी ठेवा, पण शब्द जरा उलगडून बघा. 'अंमल' अरबीतून फारसीमार्गे आला, मूळ अर्थ कृती. आपल्याकडे तो सत्तेला चिकटला (इंग्रजी अंमल) आणि नशेलाही (अंमल चढला). दोन्हींत फारसा फरक नसतो, ते सोडा. मला गंमत वाटते ती 'बजावणे'ची. मराठीत नोटीस बजावतात, समन्स बजावतात आणि मतदानाचा हक्कही बजावतात. वरून खाली येणारी बजावणी आणि नागरिकाने स्वतः केलेली बजावणी, दोन्हींना क्रियापद एकच. तुमच्या विषयाचं सगळं भांडण त्या एका शब्दात आहे. 'हक्कांची बजावणी' लिहून बघा, दोन्ही बाजूंना पुरतं.

कोर्टकचेरी :
बजावणी छान. पण खरी अडचण पुढच्या शब्दात आहे. कॉपीराइटला बहुतेक लोक 'स्वामित्वहक्क' लिहितात. कृपा करून 'प्रताधिकार' लिहा. स्वामित्व म्हटलं की घर, जमीन, सातबारा डोळ्यांसमोर येतो. तहसीलमध्ये मुरूम-वाळूच्या रॉयल्टीला 'स्वामित्वधन' म्हणतात, त्या चालीने पुस्तकही खाणीसारखं वाटायला लागतं. घराची मालकी साठ वर्षांनी आपोआप गावाची होत नाही, पुस्तकाची होते. आपल्या १९५७च्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून, ६० वर्षं. साने गुरुजी गेले जून १९५० मध्ये, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांचं. आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत होती, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली. संसद ज्याची मुदत लांबवते आणि ठरवते, त्याला स्वामित्व कसं म्हणायचं? जुन्या भाषेत याला नेमका शब्द होता, मक्ता. मुदतीचा, अटींचा, सरकारने दिलेला.

दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात हाच मुद्दा निघाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी नावाचं दुकान प्राध्यापकांनी नेमलेली प्रकरणं एकत्र बांधून मुलांना देत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशनांनी २०१२ मध्ये दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ला न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की प्रताधिकार हा काही दैवी किंवा नैसर्गिक अधिकार नव्हे, की लेखकाला आपल्या कृतीची निरंकुश मालकी मिळावी. डिसेंबरात खंडपीठाने तो दावा अंशतः परत उभा केला, पण शिकवण्यासाठी लागेल तेवढी प्रत काढायला कायद्यात जागा आहे हे मान्य केलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशनांनी दावाच काढून घेतला. कायद्याच्या भाषेत तिथे 'मालकी' हरली आणि 'प्रत' जिंकली.

खिळेजुळारी :
वकीलसाहेब, तुमचं दिल्लीचं ठीक आहे. माझं ऐका. मी छोटा प्रकाशक. हजाराची आवृत्ती काढतो, ती खपायला तीन-चार वर्षं जातात. गेल्या दिवाळीत एक पुस्तक आणलं. आठव्या दिवशी माझ्याच मेहुण्याने मला त्याची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवली, वर हात जोडलेली चित्रं आणि 'वाचनीय, पुढे पाठवा'. पान ४७ वर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलाय. तो अंगठा मी रोज बघतो. याला चोरी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? 'उल्लंघन' म्हटलं की सिग्नल तोडल्यासारखं वाटतं.

कोर्टकचेरी :
राग रास्त आहे. पण कायद्यातली चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू लबाडीने हलवणं. दंड संहितेत तसंच होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत कलम ३०३ मध्येही तसंच आहे. तुमच्या गोदामातून एकही प्रत हललेली नाही. गेलं ते तुमचं गिऱ्हाईक. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८५ मध्ये एल्विस प्रेस्लीच्या बेकायदा रेकॉर्डींचं प्रकरण आलं, तेव्हा त्यांनीही 'चोरीचा माल' हा शब्द त्याला लावायला नकार दिला.

आणि उल्लंघन म्हणजे सौम्य असं समजू नका. प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. कलम ६४ खाली फौजदार वॉरंटाशिवाय माल जप्त करू शकतो. म्हणूनच शब्द जपून हवा. शिक्षा एवढी कडक असेल तर तुमच्या मेहुण्याला आणि चित्रपट ओरबाडून धंदा करणाऱ्या टोळीला एकाच शब्दात बसवायचं का?

जुनीवही :
मेहुण्यासाठी मराठीत शब्द आहे. फुकटेगिरी.

खिळेजुळारी :
तो लागू पडतो. छापून घरात लावतो. आणि टोळीला?

जुनीवही :
'चोरटी आवृत्ती', 'चोरटी विक्री'. चोरी हे नाम आरोप ठेवतं, चोरटी हे विशेषण रीत सांगतं. वाळूची चोरटी वाहतूक असते, क्रिकेटात चोरटी धावही असते, तिला कुणी पोलिसात देत नाही.

गलबत :
अलिबागकर म्हणून 'पायरसी'वर बोलायचा माझा पिढीजात हक्क. कोशात 'चाचेगिरी' मिळेल. लिहिण्याआधी एवढं आठवा की इंग्रज कंपनीच्या कागदांत चाचा कोण, तर सरखेल, म्हणजे मराठ्यांचे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे. गुन्हा काय? कोकणच्या दर्यावर जायचं तर आमची दस्तक घ्या, असं म्हणत. पोर्तुगीज तेच आपल्या परवान्याने करत होते, तो मात्र कायदा. १७२१ मध्ये दोघांनी मिळून कुलाब्यावर चाल केली आणि हात हलवत परत गेले. तेव्हा चाचा कोण आणि सरखेल कोण हे परवाना कोण देतो त्यावर ठरतं. शब्द मराठीत आणताना त्याच्या पोटातला माल तपासून घ्या.

(खिळेजुळारींच्या मेहुण्याला कुणी सरखेल म्हणू नये.)

टाळकरी :
मी शब्दांतला नाही, भजनातला आहे. आमच्या मंडळाचा काकडा पोराने मोबाइलवर घेतला आणि एका मोठ्या व्हिडिओच्या ठिकाणी चढवला. तुकोबांचा अभंग, चाल आजोबांच्या तोंडची, एक मृदंग, अकरा टाळ, मागे कोंबडा आरवतोय. तिसऱ्या दिवशी निरोप आला की यातला ऑडिओ अमुक कंपनीचा आहे. पोरगं म्हणालं, "आबा, क्लेम लागला." आम्हाला वाटलं, विम्याचा. पैसे यायचे की काय! नंतर कळलं की उलटं आहे. हरकत घेतली, महिना गेला, मग आपोआप उठला. का लागला आणि का उठला ते कुणी सांगितलं नाही.

जुनीवही :
टाळकरीबुवा, तुमच्या पोराचं क्रियापद सोन्याचं आहे. क्लेम 'लागतो', जशी नजर लागते, कीड लागते. आणि स्ट्राइक, म्हणजे खात्यावरची ताकीद, 'पडतो', जशी धाड पडते. दोन्हींत कर्ता गायब. मराठी माणसाने त्या यंत्राला माणूस मानायचंच नाकारलंय.

कोर्टकचेरी :
इथे 'क्लेम'ला 'दावा' नको. दावा कोर्टात लागतो, तिथे दुसऱ्या बाजूला बोलावतात. 'हरकत' बरा, पण त्यातही फरक आहे. तलाठी फेरफाराची नोंद धरतो, नोटीस काढतो, हरकतीची मुदत जाऊ देतो, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. म्हणजे आधी विचारणा, मग शिक्का. नेटवर आधी शिक्का, विचारणा तुम्हीच करायची. आपल्या २०१३च्या प्रताधिकार नियमांत निदान मुदती तरी आहेत. तक्रार आली की ३६ तासांत मजकूर बंद, पण तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर तो पुन्हा उघडता येतो. बुवांना क्लेम लावणारं यंत्र या नियमाने चालत नाही, ते त्या कंपनीच्या घरच्या नियमाने चालतं. माहितीपत्रकात हा फरक दोन ओळींत तरी लिहा. आणि अभंगाचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे थर आहेत, हेही. शब्द तुकोबांचे म्हणून मोकळे, पण काल स्टुडिओत केलेलं मुद्रण मोकळं नाही. त्या यंत्राला बहुधा चाल ओळखीची वाटली.

पाटीपेन्सिल :
एवढं सगळं वाचून एक शंका. मूळ मजकुरात लिहिलंय की बेकायदा प्रत नुसती पाहणं हाही गुन्हा आहे. तसंच उतरवू?

कोर्टकचेरी :
अजिबात नको! हाच घोळ मुंबई उच्च न्यायालयात निस्तरावा लागला होता. २०१६ मध्ये बंद केलेल्या संकेतस्थळांच्या जागी एक सूचना झळकायची. तिचा आशय असा की हे पाहणं, उतरवून घेणं, दाखवणं वा प्रती काढणं यालाही तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंड. लाखो लोक ती वाचून हबकले. न्या. गौतम पटेल यांनी ते 'पाहणं' काढायला लावलं. गुन्हा पाहण्यात नाही, परवानगीवाचून वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं. त्याच सुमारास पुऱ्या संकेतस्थळाला सरसकट मनाई हुकूम द्यायलाही त्यांनी नकार दिला. कुठल्या पत्त्यावर काय आहे ते दाखवा, मग बंद करतो. एक क्रियापद जास्त पडलं की नागरिक गुन्हेगार होतो, ते असं.

मनाई हुकुमावरून आठवलं. कुणाविरुद्ध दावा लावायचा हेच माहीत नसेल तर इंग्रजीत 'जॉन डो' लिहितात. आपल्याकडे २००२च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी दिल्लीत असा पहिला हुकूम निघाला आणि पुढे त्या अनोळखी माणसाचं बारसं झालं 'अशोक कुमार'. देशातल्या सगळ्या खऱ्या अशोक कुमारांची मला तेव्हापासून काळजी वाटते.

गलबत :
'फेअर डीलिंग'चं राहिलं. 'उचित व्यवहार' म्हटलं तर देण्याघेण्याचं वाटतं.

जुनीवही :
'रास्त वापर'. रास्त भाव दुकानामुळे हा शब्द घराघरात रुजलाय, शिधापत्रिकेसकट. खाजगी वापर, अभ्यास, समीक्षा, बातमी एवढ्यापुरतं घेतलं तर रास्त. आणि 'पब्लिक डोमेन'ला ते 'सार्वजनिक अधिक्षेत्र' नको, ते पोलीस ठाण्याच्या हद्दीसारखं ऐकू येतं. 'प्रताधिकारमुक्त' चालतो. मला स्वतःला 'गायरान' म्हणावंसं वाटतं. सगळ्यांची गुरं चरतात आणि कडेकडेने अतिक्रमणंही होतात.

कोर्टकचेरी :
गायरान कागदोपत्री सरकारचं असतं. मुक्त ठेवा.

जुनीवही :
ठेवा. मोह झाला होता. जाता जाता एक. मराठीत 'कॉपी' म्हणजे परीक्षेतली. बोर्ड दरवर्षी कॉपीमुक्त अभियान चालवतं. त्यामुळे 'कॉपीराइट' कानावर पडला की आपल्या पोरांना आधी भरारी पथक आठवतं. याउलट तहसिलात 'नक्कल' काढायला रांग लागते, ती सन्मानाची. प्रताधिकारातली 'प्रत' यांच्यामधे बसते, पोथीची प्रत. उतरवून घेणं हे पुण्यकर्म होतं त्या काळातली.

पाटीपेन्सिल :
सगळ्यांचे आभार. पहिला परिच्छेद असा केलाय :

"पुस्तक, गाणं, चित्रपट यांच्या प्रती काढण्याचा व वाटण्याचा अधिकार ठरावीक मुदतीपुरता लेखकाकडे किंवा त्याच्या प्रकाशकाकडे असतो. त्याला प्रताधिकार म्हणतात. तो मोडून प्रती वाटणं वा विकणं हे प्रताधिकाराचं उल्लंघन आहे आणि त्याला शिक्षा आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी किंवा शिकवण्यासाठी केलेला रास्त वापर हे उल्लंघन नाही. प्रताधिकाराची बजावणी करताना वाचकाला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे."

खिळेजुळारी :
शेवटून दुसऱ्या वाक्यात 'तेवढ्यापुरता' घाला. 'तेवढ्यापुरता केलेला रास्त वापर'. नाहीतर अभ्यासासाठी म्हणून अख्खं पुस्तक नेतील. बाकी मला मान्य आहे, 'चोरी' नाही हे धरूनही.

पाटीपेन्सिल :
घातलं. आता शेवटचा प्रश्न. वाचनालयाच्या दारावर पाटी आहे, 'येथे झेरॉक्स काढून मिळेल'. तीही बदलायची का? झेरॉक्स हे तर एका कंपनीचं नोंदणीकृत नाव.

जुनीवही :
'छायाप्रत' लिहा. प्रत आहे त्यात.

टाळकरी :
लिहा, पण मग कंसात झेरॉक्सही लिहा. नाहीतर कुणी आत येणार नाही.