रेताब्लोला बुरशी, तातडीने मदत हवी

दगडफूल: पेरूतल्या आयाकुचोहून आणलेल्या रेताब्लोला बुरशी आली आहे. दाराच्या आतून काळे ठिपके, दोन बाहुल्या तळापासून सुटल्या. ओल्या फडक्याने पुसलं तर एकीच्या शालीचा लाल रंग फडक्यावर उतरला. आईसाठी घेतला आहे, रविवारी विमान आहे. कशाने चिकटवू?

किल्लेदार: मातीचा की लाकडी? फोटो टाका.

दगडफूल: अहो, रेताब्लो! दोन दारांची लाकडी पेटी, वरच्या मजल्यावर संत, खाली गुरंढोरं.

सुगरण: पावसाळ्यात आमच्या देव्हाऱ्यालाही येते. कापूर ठेवा, बाहुल्यांना फेविकॉल लावा.

पाटीपेन्सिल: फेविकॉल अजिबात नको! त्या बाहुल्या जिप्समची पूड आणि उकडलेला बटाटा एकत्र मळून करतात. बटाट्यावर बुरशी येणारच, आणि पाणी लागलं की रंग जातो. पुसणं आधी थांबवा.

किल्लेदार: इन्कांची कला जपायलाच हवी.

पाटीपेन्सिल: इन्कांची नाही. स्पॅनिश पाद्री बरोबर नेत त्या फिरत्या देव्हाऱ्यांतून ती आली. पूर्वी या पेटीला सान मार्कोसची पेटी म्हणत. 1975 मध्ये रेताब्लो करणारे होआकिन लोपेस आंताय यांना पेरूचा राष्ट्रीय संस्कृती पुरस्कार मिळाला, तेव्हा ही कला नव्हे, कारागिरी आहे म्हणून तिथल्या काही चित्रकारांनी विरोध केला होता.

किल्लेदार: पण गुरांना खुणा करायच्या सणात तीच पेटी मांडून वामानींना, म्हणजे डोंगरदेवांना, नैवेद्य दाखवतात. वामानी काय स्पेनहून आले?

भटक्या: आयाकुचोजवळ हुआरी संस्कृतीचे अवशेष आहेत, इन्कांच्या कितीतरी आधीचे. ते पाहिलेत का? आणि माचू पिच्चूचं तिकीट आधीच काढून ठेवा.

दगडफूल: मला माचू पिच्चूला जायचं नाहीये! आणि इथे पाऊसही पडत नाही, मी लिमात राहते.

पाटीपेन्सिल: हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. लिमात पाऊस नसला तरी हिवाळाभर गारुआचं धुकं असतं, त्याची ओल घरात शिरते. आयाकुचो 2,700 मीटरच्या वर, हवा कोरडी. पेटी तिकडच्या हवेत वाळलेली. आता दारं उघडी ठेवून पंख्याच्या वाऱ्यात, पण लांबून, सुकवा. कडक ऊन नको. पूर्ण सुकल्यावर तोंडाला मास्क लावून मऊ कुंचल्याने बाहेर गच्चीत झटका. सुटलेल्या बाहुल्या न चिकटवता वेगवेगळ्या कागदात गुंडाळून हातातल्या बॅगेत न्या. पेटी कुठे ठेवली होती?

दगडफूल: समुद्राकडच्या भिंतीला टेकवून. आत्ता पाहिलं, मागची फळीही दमट लागते आहे. रविवारपर्यंत सुकेल?