देशातल्या बाजारावर आयटी जगेल म्हणता? पैसे कोण देणार ते आधी सांगा

सांगलीचा कोडर:
‘आयटीला आता अमेरिकेची गरज उरली नाही, पुढची दहा वर्षं देशातलाच बाजार ओढून नेईल’ असं परवा इथे एकाने लिहिलं आणि खाली वाहवा सुरू झाली. मला राहवलं नाही.

नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२४-२५ मध्ये या धंद्याची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलर. त्यातले २२४ निर्यातीचे, देशातले ५८. देशातला भाग ७ टक्क्यांनी वाढला आणि निर्यात साडेचारच्या आसपास, हे खरं. पण ५८ चे ७ टक्के म्हणजे चार अब्ज, २२४ चे साडेचार टक्के म्हणजे दहा. गाडी कोण ओढतंय?

आता माझं सांगतो. चौदा वर्षं पतसंस्थांना सॉफ्टवेअर देतोय. एएमसीचं, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं बिल घेऊन गेलो की अध्यक्ष विचारतात, “वर्षभर काहीच बिघडलं नाही, मग पैसे कसले?” अहो, मी रात्री जागून ते बिघडू दिलं नाही, त्याचेच ते पैसे! एका सरकारी कार्यालयाचं काम मार्चमध्ये पूर्ण केलं, बिल निघालं दोन वर्षांनी. दोन पोरं पगारासाठी सोडून गेली, दोघंही आज हिंजवडीत परदेशी बँकेचं काम करतात. त्यांचं काय चुकलं?

हडपसरकर:
तुमच्या पतसंस्था म्हणजे भारत नव्हे. जीएसटीची यंत्रणा उभी करायला २०१५ मध्ये १,३८० कोटींचं कंत्राट निघालं, ते पैसे देशातलेच. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला लावला, त्यानंतर इथल्या सर्व्हरवर आणि सुरक्षेवर किती खर्च झाला ते आम्ही आतून पाहिलंय. २०१० मध्ये आमच्या कंपनीत ‘इंडिया प्रोजेक्ट’, म्हणजे देशातल्या ग्राहकाचं काम मिळालं की लोक तोंड पाडून बसायचे. आज मागून घेतात, कारण तिकडच्या क्लायंटने हात आखडला की बेंचवर, म्हणजे कामाविना बसावं लागतं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० जणांना कमी करणार म्हणून जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये ट्रम्प यांनी अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. एवढं झाल्यावरही सगळी अंडी त्याच टोपलीत ठेवायची?

आणि उशिरा पैसे मिळतात म्हणता, तर १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच) वाचा. छोट्या उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही.

सांगलीचा कोडर:
वाचलंय, तुमच्या आधी. सरकारी कार्यालय आयकर भरतं का? आणि पतसंस्थेला सहकारी म्हणून त्याच कायद्याच्या ८०पी खाली नफ्यावर वजावट आहे. खर्च नाही दाखवला म्हणून तिचं काय अडणार? पुण्यात एसीत बसून कलमं सांगणं सोपं आहे. एकदा माझ्याबरोबर वसुलीला चला.

हडपसरकर:
एसीवर घसरायचं कारण नाही. मीही बार्शीतून आलोय, शेत विकून शिकलोय.

ठाण्याची वसुधा:
तुम्ही दोघं अब्जांत बोलताय. २००७ मध्ये मी आयटीत लागले तेव्हा वर्षाला तीन लाख होते. २०२५ मध्ये माझ्या भाच्याला साडेतीन. मधे अठरा वर्षं गेली! त्यात ऑफर लेटर हातात ठेवून त्याला चौदा महिने घरी बसवलं. आई रोज देवापुढे दिवा लावून विचारायची, आज मेल आली का. आता म्हणतात, नवशिक्यांचं काम एआय करेल. मग पाच वर्षांनी अनुभवी माणसं आणणार कुठून? बाजार देशातला की परदेशातला, हा वाद मला दुय्यम वाटतो. वाढीतलं पोरांच्या हातात काय पडतं ते सांगा.

निवृत्त वसुली अधिकारी:
मी सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली. देशातला बाजार वाढत नाही त्याचं कारण तुमच्या कुणाच्याच डोक्यात नाही. सॉफ्टवेअर मराठीत नाही! आमच्या शिपायाला, पिग्मी एजंटाला, खातेदाराला जी भाषा येते त्या भाषेत काही बनवायचं नाही आणि लोक विकत घेत नाहीत म्हणून रडायचं. वीस वर्षं आमची पत्रं जुन्या फॉन्टात टाइप झाली. मशीन बदललं की सगळ्याचे उकिरडे. कर्जदारांच्या नोटिसांच्या फायली आजही तशाच पडून आहेत, कुणाला उघडत नाहीत.

हडपसरकर:
काका, कुठल्याही मशीनवर अक्षरं तीच ठेवणारा युनिकोड येऊन जमाना झाला. संगणकाची सरकारी संस्था सी-डॅक तर पुण्यातच आहे, मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कळफलक फुकट आहे. लोकांनी शिकायला हवं.

निवृत्त वसुली अधिकारी:
पन्नाशीच्या कारकुनाने बोटं पुन्हा वळवायची? तो ‘kasa’ टाइप करून ‘कसा’ काढतो, त्याला तेच द्या.

ठाण्याची वसुधा:
असं इंग्रजी अक्षरांतून, फोनेटिकने टाइप केलं की ऱ्हस्व-दीर्घाची वाट लागते. शाळेत इन्स्क्रिप्ट शिकवा, प्रश्न मिटला.

निवृत्त वसुली अधिकारी:
शाळेत शिकवा म्हणजे आजच्या खातेदाराने वीस वर्षं थांबायचं, असंच ना?

सांगलीचा कोडर:
कळफलकावर भांडू नका, खरं दुखणं त्याच्या खाली आहे. ‘कुऱ्हाडे’ आडनाव घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक ‘ऱ’ला हलंत देऊन, दुसरा साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे न दिसणारा जोडक (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. एका पतसंस्थेत एकाच बाईंची त्यामुळे दोन खाती झाली. एकात ठेव, दुसऱ्यात कर्ज. नाव टाकून शोधलं की एकच सापडायचं. थकबाकीची नोटीस गेली तेव्हा त्या रडत आल्या होत्या, हातात ठेवपावती घेऊन. मी तीन आठवडे बसून सगळी नावं एका साच्यात आणणारा प्रोग्राम लिहिला. वऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, सगळे त्यात आले.

हडपसरकर:
अहो मग हेच तर मी म्हणतोय! हे काम अमेरिकेत बसलेला कुणी करणार नाही. बंगळुरूचाही नाही, त्याला ‘ऱ्ह’ माहीतच नाही. तुमच्या हातात असा माल आहे आणि तुम्हीच म्हणता बाजार नाही.

सांगलीचा कोडर:
गरज आहे म्हणजे बाजार आहे असं नाही. बाजार म्हणजे गरज असलेल्याने पैसे मोजणं.

ठाण्याची वसुधा:
त्या प्रोग्रामचे किती घेतलेत?

सांगलीचा कोडर:
खरं सांगायचं तर सुरुवातीला काहीच मागितलं नाही. मागायचं सुचलं नाही.

निवृत्त वसुली अधिकारी:
मग चूक तुमचीही आहे. आमच्या बँकेत ऑडिटरने दुहेरी खात्यांवर शेरा मारला असता तर दुसऱ्या दिवशी चेक निघाला असता. संचालक सॉफ्टवेअरला घाबरत नाहीत, शेऱ्याला घाबरतात.

हडपसरकर:
निर्यात चौपट आहे आणि अजून बरीच वर्षं मोठीच राहील, हा तुमचा मुद्दा मी मान्य करतो. मूळ पोस्टमधलं ‘गरज उरली नाही’ हे चुकीचंच होतं. पण देशात पैसे मिळतच नाहीत, हे मान्य नाही.

सांगलीचा कोडर:
काका म्हणतात तसंच झालं होतं, ते सांगायचं राहिलं. पुढच्या ऑडिटमध्ये शेरा आला, तेव्हा दुसऱ्या एका संस्थेने तोच प्रोग्राम मागितला. मी भीतभीत चाळीस हजार सांगितले. अध्यक्षांनी घासाघीस न करता त्याच बैठकीत मंजूर केले आणि आठवड्यात चेक दिला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. एवढं तुमच्या बाजूने लिहून घ्या.

त्याच संस्थेची मागच्या वर्षीची एएमसी मात्र अजून बाकी आहे.